साडेसहाची भूक आणि दहाचे जेवण

ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या आणि सहकारी बँकेत काम करणाऱ्या 46 वर्षांच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या सकाळी साडेपाचला उठल्याबरोबर चहा आणि दोन-तीन बिस्किटे घेतात. सर्वांचे डबे भरून झाले की आठ वाजता पोहे किंवा उपमा खातात. भूक नसतेच, पण रिकाम्या पोटी घराबाहेर पडू नये असा सासूबाईंचा आग्रह असतो. दीड वाजता बँकेत जेवणाची सुट्टी होते, तेव्हा डब्यातल्या दोन पोळ्या आणि भाजी, आणि चार वाजता पुन्हा चहा. साडेसहाला घरी पोहोचल्यावर मात्र "दिसेल ते तोंडात टाकावे" अशी अवस्था होते आणि स्वयंपाक होईपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्याच चिवडा, फरसाण, गरम पोळीचा तुकडा असे काहीबाही खाल्ले जाते. सासूबाई आणि मुलगी साडेसातला जेवतात. या स्वतः पतीसाठी थांबतात, दहा वाजता त्यांच्यासोबत पूर्ण ताट वाढून घेतात आणि शेवटी पातेल्यात उरलेले टाकवत नाही म्हणून तेही संपवतात. अलीकडच्या तपासणीत एचबीए1सी, म्हणजे रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी, 6.1 आली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रयत्न केला आणि त्यासाठी बिस्किटे, नाश्ता, चहा सारे एकदम बंद केले; दुसऱ्या दिवशी दुपारी डोके इतके दुखले की तो बेत तिथेच सोडून दिला. त्या विचारतात, "माझी भूक मेली आहे का? खरी भूक कोणती आणि खोटी कोणती, हे कसे ओळखायचे? आणि ती लागेपर्यंत उपाशी राहायचे, तर घरच्यांच्या वेळा कशा सांभाळायच्या?"

ताई, नमस्कार.

नाश्ता, डबा आणि रात्रीचे जेवण यांविषयी तुम्ही सरळ लिहिले आहे. साडेसहाच्या त्या अवस्थेविषयी मात्र तुम्ही अपराध केल्याच्या सुरात लिहिता. मला ती अपराधाची गोष्ट वाटत नाही. दुपारच्या दोन पोळ्यांनंतर पाच तास उलटलेले असतात, मधे बँकेचे काम आणि गर्दीतला परतीचा प्रवास झालेला असतो. अशा वेळी लागलेल्या भुकेला खोटी म्हणण्याचे कोणतेही कारण दिसत नाही. तुमची भूक मेलेली नाही, ती रोज ठरल्या वेळी तुमच्या दारात येते. पण त्या वेळी घरात तुमच्यासाठी वाढलेले ताट नसते, म्हणून तिच्या वाट्याला चिवडा येतो. ताट येते ते दहा वाजता, तेव्हा भूक केव्हाच भागलेली असते. इतक्या उशिरा जेवून, बहुधा तास-दीड तासात आडवे होऊन, पहाटे साडेपाचला उठणाऱ्या माणसाला आठ वाजता पोहे नकोसे वाटले, तर त्यात काही बिघाड आहे असे मी म्हणणार नाही.

तुम्ही खरी भूक आणि खोटी भूक अशी जी विभागणी केली आहे, तिच्यामुळेच थोडा गोंधळ होतो. भूक हा पोट रिकामे झाल्याचा साधा निरोप आहे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती बऱ्याच अंशी शिकलेली असते. जपानमधील संशोधकांनी 1999 साली घ्रेलिन या संप्रेरकाचा शोध लावला. ते मुख्यतः जठरात तयार होते आणि मेंदूला भुकेची जाणीव करून देते. पुढील काळात असे दिसून आले की, माणूस रोज ज्या वेळी जेवतो त्या वेळेच्या थोडे आधी त्याचे रक्तातील प्रमाण वाढू लागते आणि जेवणानंतर उतरते. त्या वेळी जेवण मिळाले नाही, तरीही काही काळाने ते आपोआप ओसरते. "जेवणाची वेळ टळली आणि भूकच गेली" असे आपण म्हणतो, तो अनुभव असा खराच असतो. बँकेत दीड वाजता लागणारी तुमची भूक अर्धी पोटाची आणि अर्धी घड्याळाची आहे, आणि तशी असण्यात गैर काही नाही. यातून तुमच्या उपयोगाची गोष्ट एवढीच निघते की, जी भूक ठरावीक वेळ शिकली, ती नवी वेळही शिकू शकते.

सकाळच्या बाबतीतही थोडा दिलासा देता येईल. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 12 जणांना दिवसाउजेडाचा आणि घड्याळाचा पत्ता लागू न देता ठेवण्यात आले, तेव्हा शरीराच्या अंतर्गत घड्याळानुसार सकाळी आठच्या सुमारास भूक सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त आढळली. प्रयोग लहान आहे, त्यावरून सर्वांसाठी नियम काढू नये. पण सकाळी भूक न लागणे हे आळसाचे किंवा आजाराचे लक्षण असलेच पाहिजे असे नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. आपल्या शेतकरी घरांतही उठल्या उठल्या पोटभर खाण्याची रीत नव्हती. दोन-तीन तास अंगमेहनत झाली की मग न्याहारी शेतावर जात असे. सासूबाईंचा आग्रह मायेचा आहे, त्यांना दुखवण्याचे कारण नाही. पोहे नाकारण्यापेक्षा ते छोट्या डब्यात भरून घ्यावेत आणि बँकेत पोहोचल्यावर, दहा-साडेदहाच्या सुमारास भूक जाणवली तर खावेत, नाही जाणवली तर दुपारच्या डब्यासोबत संपवावेत. रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही, एवढे त्यांना दिसले म्हणजे पुरते.

आता ओळखण्याविषयी. पोटात गुडगुडणे म्हणजे भूक, असे सरसकट धरू नका. पोट आणि लहान आतडे रिकामे असताना साधारण दीड-दोन तासांच्या अंतराने त्यांत आकुंचनाची एक लाट येते आणि उरलेसुरले पुढे ढकलून आतडे साफ करते. तिचा आवाज होतो, थोडी कळही जाणवते आणि काही मिनिटांत ती निघून जाते. छातीच्या खाली जळजळ होत असेल आणि काही खाल्ले की ती थांबत असेल, तर ती भूक नसून आम्लपित्त किंवा क्वचित पोटातला व्रण असू शकतो. मध्यरात्री अशा जळजळीने जाग येत असेल, तर बिस्किटाने ती दाबू नये, डॉक्टरांना दाखवावे. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेल्याची ओढ वाढते, हेही संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. अकराच्या पुढे झोपून साडेपाचला उठत असाल, तर चार वाजता चहासोबत काहीतरी चघळावेसे वाटते त्याचा हिशेब झोपेच्या खात्यातही मांडायला हवा. "आधी पाणी पिऊन पाहा, भूक गेली तर ती तहान होती" असा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण पाण्याने पोट थोडा वेळ ताणले जाते आणि खरी भूकही तेवढ्यापुरती दबते, म्हणून ही कसोटी मला फारशी भरवशाची वाटत नाही.

त्यापेक्षा "भुकेला कोंडा, निजेला धोंडा" ही आपली म्हण अधिक उपयोगी आहे. काही खावेसे वाटले की स्वतःला विचारावे, आता साधी भाकरी आणि पिठले, किंवा वरण-भात समोर आला तर चालेल का? चालेल असे मनापासून वाटले, तर ती पोटाची भूक आहे, ती हळूहळू वाढत आलेली असते आणि तिला कोणत्याही साध्या अन्नाने समाधान मिळते. भाकरी नको, फक्त डब्यातले ते फरसाणच हवे, असे वाटत असेल तर तोंड चाळवले आहे. ती इच्छा सहसा एकाएकी येते आणि पदार्थाचे नाव घेऊनच येते. मात्र ही कसोटी वेळेवर लावायला हवी. साडेसहाला, अंगात त्राण नसताना, हात थरथरत असताना, माणसाला फरसाणच हवेसे वाटते, कारण शरीर तेव्हा सर्वांत झटपट मिळणाऱ्या अन्नाकडे धावते. त्या क्षणी स्वतःची परीक्षा घेऊन "मी लोभी आहे" असा निकाल देणे अन्यायाचे होईल. ती परीक्षा पाच वाजता, बँकेतून निघताना घ्यावी.

आयुर्वेदातही भुकेचा विचार एकट्या भुकेने केलेला नाही. आधीचे अन्न जिरल्याची जी लक्षणे माधवनिदानात दिली आहेत, त्यांत शुद्ध ढेकर, उत्साह, मलमूत्राची नीट प्रवृत्ती आणि शरीराचा हलकेपणा यांच्या जोडीने भूक आणि तहान येतात. म्हणजे पोट जड असताना, ढेकरांना आधीच्या जेवणाचा वास येत असताना खावेसे वाटले, तर थोडे थांबावे. दुसरे एक संस्कृत वचन वैद्यमंडळी नेहमी सांगतात: "याममध्ये न भोक्तव्यं यामयुग्मं न लङ्घयेत्", एका यामाच्या आत, म्हणजे तीन तासांच्या आत, पुन्हा खाऊ नये आणि दोन याम, म्हणजे सहा तास, उलटू देऊ नयेत. हे वचन तुमच्या दिवसाला लावून पाहा. साडेपाचची बिस्किटे आणि आठचे पोहे यांत अडीच तासच आहेत. आठ ते दीड आणि दीड ते साडेसहा ही अंतरे ठीक आहेत. साडेसहा ते दहा या काळात मात्र अंतर असे नाहीच, खाणे जवळजवळ सलग चालू असते. आणि त्यानंतर पहाटेच्या बिस्किटांपर्यंत जेमतेम सात-साडेसात तासांची विश्रांती मिळते. पोट हलके झाल्याची जाणीव तुम्हाला होत नाही याचे कारण या वेळापत्रकातच आहे.

दोनदा जेवण्याच्या प्रयोगाविषयी थोडे लिहायला हवे, कारण हा प्रश्न अनेक वाचकांच्या मनात असतो. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवला: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, त्याच वेळी जेवा आणि जेवण 55 मिनिटांत आटपा. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळाने थोडे खाण्याचा सल्ला होता, आणि काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील लग्नाच्या पंगतीसुद्धा या दोन पक्षांत वाटल्या गेल्या होत्या. त्या वादात सारी चर्चा किती वेळा खावे यावर झाली. भूक ओळखण्याचा भाग, जो माझ्या मते अधिक मोलाचा होता, तो मागे पडला. तुमच्या मैत्रिणीनेही तुम्हाला संख्या सांगितली, पण तुमच्या दोन भुका कोणत्या हे पाहायला सांगितले नाही. आणि डोके दुखले त्याचा दोष उपवासाला देण्याआधी एक लक्षात घ्या, की तुम्ही त्याच दिवशी चहाही तोडला होता. रोज दोन-तीन कप चहा घेणाऱ्याने तो अचानक सोडला, तर 12 ते 24 तासांत डोके दुखू लागणे हे कॅफिन सुटल्याचे अगदी नेहमीचे लक्षण आहे. चहा कमी करायचा असेल तर तो स्वतंत्रपणे, एकेक कप आणि एकेक चमचा साखर उतरवत करावा; जेवणाच्या वेळा बदलत असतानाच नव्हे.

माझ्या मते तुम्ही सध्या एकच मोठा बदल करावा आणि तो संध्याकाळी करावा. साडेसातला सासूबाई आणि मुलगी जेवायला बसतात, त्यांच्याच पंगतीत तुम्ही बसावे. हेच तुमचे रात्रीचे पूर्ण जेवण. पत्रात तुम्ही "यांच्यासाठी थांबते" असे लिहिले आहे. पण तुम्ही उपाशी थांबावे अशी त्यांची अपेक्षा आहे, की ही रीत सुरुवातीला पडली आणि कोणी तिच्याकडे पुन्हा पाहिलेच नाही, हे एकदा त्यांना विचारून पाहा. दिवसभरानंतर दोघांनी एकत्र बसायचा तो अर्धा तास मोलाचा आहे आणि तो मोडावा असे मी सुचवणार नाही. तुम्ही त्यांच्यासमोर बसा, वाढा, बोला, हवे तर वाटीभर पातळ ताक किंवा सोलकढी घ्या. "माझी साखर काठावर आली आहे, म्हणून मी आईंबरोबर जेवून घेते" हे एक वाक्य बहुतेक घरांत पुरेसे ठरते. घरातील स्त्रीने सर्वांत शेवटी जेवायचे ही पद्धत अजून अनेक घरांत आहे आणि तिची गणना कोणी आरोग्याच्या प्रश्नांत करत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

साडेसात आणि दहा या वेळांत फरक काय पडतो, असे वाटेल. शरीर तेच अन्न सकाळी ज्या सहजतेने हाताळते, त्या सहजतेने रात्री हाताळत नाही. तोच भात रात्री उशिरा खाल्ला तर रक्तातील साखर अधिक वाढते आणि अधिक वेळ वर राहते. एचबीए1सी 5.7 ते 6.4 या दरम्यान असणे म्हणजे मधुमेहपूर्व टप्पा. तुम्ही त्याच्या मध्यापलीकडे आहात, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे अडीच तास किरकोळ नाहीत.

साडेसहा ते साडेसात हा एक तास मात्र सर्वांत कठीण जाईल, कारण स्वयंपाक तुम्हालाच करायचा आहे आणि चिवड्याचा डबा ओट्याच्या वरच्याच फळीवर असेल. त्यासाठी आधी तरतूद करा. दुपारच्या डब्यात दोन पोळ्या आणि भाजी एवढेच असते, त्यात वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, दही किंवा उकडलेले अंडे घाला. त्यातल्या प्रथिनांमुळे पोट अधिक वेळ भरल्यासारखे राहते. पाच वाजता, बँकेतून निघण्यापूर्वी, मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे किंवा एखादे फळ बसून खा. घरी आल्यावर भूक राहील, पण ती पिसाळलेली नसेल. डाळ-तांदूळ सकाळीच भिजवून, भाजी आदल्या रात्री चिरून ठेवता आली तर जेवण सातलाही होऊ शकेल. मुलीच्या हाती कुकर लावण्याचे काम दिले तर आणखी लवकर. आणि चिवड्याचा डबा दृष्टीआड ठेवा, यात कमीपणा काही नाही.

एका दिवसात दहाचे साडेसात करण्याचा अट्टाहास नको. पहिले काही दिवस नऊ, मग सव्वाआठ, मग साडेसात अशी वेळ मागे आणावी, आणि प्रत्येक पायरीवर चार-पाच दिवस थांबावे. सुरुवातीला दहा वाजता जुनी भूक येईलच, कारण तिला ती वेळ पाठ आहे. ताकाची वाटी त्यासाठीच सुचवली आहे. ती भूक थोड्या वेळाने ओसरते आणि हळूहळू येईनाशी होते. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या 2017 सालच्या अभ्यासात जेवणाच्या वेळा पाच तासांनी पुढे नेल्यावर रक्तातील साखरेचा दैनंदिन क्रमही सहा दिवसांत तितकाच सरकलेला दिसला. तो अभ्यास अवघ्या दहा निरोगी तरुणांवर झाला होता, तुमच्या वयाला आणि धावपळीला थोडा अधिक काळ धरून चाला.

रात्रीची वेळ मागे आली की दोन-तीन आठवड्यांत सकाळी भूक आपोआप जागी होईल असा माझा अंदाज आहे. तोपर्यंत पहाटेच्या चहासोबतची बिस्किटे बंद करायला हरकत नाही, चहा राहू द्या. मग एखाद्या दिवशी आठ वाजताच पोह्यांच्या फोडणीचा वास आवडू लागला, तर तेव्हा बसून खुशाल खा. या काळात एक छोटी वही ठेवा. त्यात कॅलरी नकोत, वजन नको. खाण्याआधी किती वाजले, भूक कुठे जाणवते (पोटात, घशात, डोक्यात की नुसती जिभेवर) आणि साधी भाकरी चालली असती का, एवढेच लिहा. आठवडाभर लिहिले की आपल्या भुकेचा रिवाज बहुतेकांना दिसू लागतो. भूक कळली तरी जेवताना ती कुठे संपते हेही पाहावे लागते. पोट भरल्याची जाणीव साधारण वीस मिनिटांनी येते, म्हणून दुसऱ्यांदा भात घेण्यापूर्वी थोडे थांबावे. पोटाचे दोन भाग अन्नाने, एक भाग पाण्याने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असे अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगितले आहे, ते याच बेताने. पातेल्यात उरलेल्या भाजीचे मात्र वेगळे उत्तर आहे: ती तुमच्या पोटात गेली काय आणि फ्रिजमध्ये गेली काय, वाया जात नाही, पण फ्रिजमधली सकाळी पराठ्यात घालता येते.

संकष्टीचा उपवास तुम्ही करत असाल, तर त्या दिवशी चंद्रोदयानंतरच जेवण होणार आणि ते उशिरा होणार. महिन्यातली एक रात्र तशीच राहू द्या. फक्त दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स यांवर दिवस काढला, तर त्याला उपवास म्हणताना पोटाला विचारून घ्यावे.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सावधगिरीच्या काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी भुकेची वाट पाहू नये आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवणाची वेळ हलवू नये. त्यांना घाम सुटला, थरथर झाली, तर भूक खरी की खोटी हे तपासत न बसता साखर मोजावी, ती कमी असेल किंवा मोजण्याची सोय नसेल तर लगेच साखर किंवा गोड पेय घ्यावे. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, आणि ज्यांचे खाण्याशी असलेले नाते पूर्वी कधी बिघडले होते, उपाशी राहण्याचे किंवा खाऊन ओकण्याचे प्रकार झाले होते, त्यांनीही हा मार्ग स्वतःच्या मनाने धरू नये. वृद्धांची भूक मंदावते आणि त्यांनी घड्याळ पाहूनच जेवणे चांगले, तेव्हा सासूबाईंची साडेसातची वेळ आहे तशीच राहू द्या. खाण्यावरची वासना काही आठवडे उडाली असेल किंवा वजन कारण नसताना घटत असेल, तर तो सदरात विचारण्याचा प्रश्न राहत नाही, त्यासाठी तपासणी हवी.

एचबीए1सी ही चाचणी साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज देते, म्हणून वेळ बदलल्यावर पंधरा दिवसांत ती पुन्हा करण्याची घाई करू नका. तीन महिन्यांनी करा, आणि अहवाल दाखवताना आधी रात्री किती वाजता जेवत होता आणि आता किती वाजता जेवता, हेही डॉक्टरांना सांगा. ते सहसा कोणी विचारत नाही.